जिप्सी उघडून ठेवली आहे, आता भाग कोणते घालावेत?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात राहणाऱ्या एका वाचकाने दोन वर्षांपूर्वी २००५ सालची मारुती जिप्सी किंग विकत घेतली. डोंगरातल्या शेतावर ये-जा, पावसाळ्यात गगनबावड्याकडचे रस्ते आणि वर्षातून तीन-चार वेळा मित्रांबरोबर कच्च्या वाटांवरची भटकंती, एवढाच तिचा उपयोग आहे. मात्र पत्नी आणि दोन लहान मुलेही तिच्यातून प्रवास करतात. स्टिअरिंगची थरथर आणि चॅसीचा गंज वाढल्यामुळे गाडी पूर्ण उघडली आहे. वडिलांच्या काळापासून ओळखीचे असलेले मिस्त्री म्हणतात, "वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला लोकल माल पुरे." स्पर्धांमध्ये भाग घेणारा मित्र म्हणतो, "सगळे कंपनीचे घाल, नाहीतर गाडी विकून टाक." कंपनीच्या भागांची यादी २ लाख ६५ हजारांची झाली आहे आणि लोकल भागांची १ लाख १० हजारांची. मजुरी वेगळी ठरली आहे. हाताशी १ लाख ७५ हजार रुपये आहेत. याशिवाय मोठे टायर, गाडी उचलण्याचे किट, लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी दोराची चरखी) यांसाठी ९५ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. मिस्त्रींचे ऐकावे की मित्राचे, असा वाचकाचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दोन्ही याद्या पत्रासोबत जोडल्या, हे फार बरे केले. त्या ओळीओळीने वाचल्यावर मला असे वाटते की "लोकल की कंपनीचा" हा प्रश्न यादीतल्या प्रत्येक ओळीला वेगळा विचारावा लागेल आणि प्रत्येक ओळीचे उत्तर वेगळे येईल. मिस्त्री आणि मित्र हे दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, परंतु दोघांच्याही डोळ्यांसमोर तुमची गाडी नाही. गोव्यात २०१४ मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत गाडी छातीभर चिखलातून ओढली जाते, आणि तशा तयारीची गाडी बांधणाऱ्याला प्रत्येक भाग सर्वोत्तम हवा असतो, हे स्वाभाविक आहे. मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या बहुतेक गाड्या मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत चालल्या म्हणजे मालक समाधानी असतो. तुमची गरज या दोहोंच्या मधली आहे आणि ती नीट ओळखली, तर पैशांचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड राहत नाही.

वर्षाला तीन हजार किलोमीटर, या हिशेबाबद्दल प्रथम बोलू. कमी चालणारी गाडी कमी झिजते, हे इंजिनाच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु ब्रेक, रबर आणि सील यांना गाडी उभी राहणे सोसत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, तो ओलावा व्हील सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंज चढवतो, आणि तीन आठवडे उभ्या असलेल्या गाडीचे पिस्टन नेमके त्याच जागी अडकतात. तुमच्या भागातला चार महिन्यांचा पाऊस लक्षात घेतला, तर तुमची जिप्सी किलोमीटरांच्या मानाने पुष्कळ अधिक सोसते. तेव्हा "थोडीच चालते" हे कारण सीटच्या कापडाला लागू करा, ब्रेकच्या रबराला करू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे बाजारात माल दोनच प्रकारचा असतो, हे दोन्ही याद्यांमागचे गृहीतक. प्रत्यक्षात कंपनीच्या खोक्यात मिळणारा भाग कंपनीने स्वतः क्वचितच बनवलेला असतो. बेअरिंग, ब्रेकचे सिलिंडर, क्लच, शॉक ॲब्सॉर्बर, टाय रॉडचे एंड हे सगळे त्या त्या वस्तूच्या कारखान्यांतून येते, आणि तेच कारखाने आपल्या स्वतःच्या नावाच्या खोक्यात तोच दर्जा बऱ्याचदा कमी किमतीत विकतात. बेअरिंगच्या बाबतीत तर हे फार सोपे आहे. जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक पुसून वाचावा आणि तो घेऊन थेट बेअरिंगच्या दुकानात जावे. एसकेएफ, एफएजी, टिमकेन किंवा एनबीसी यांपैकी कोणाचेही अस्सल बेअरिंग त्या क्रमांकाचे मिळाले, तर गाडीच्या कंपनीचा शिक्का असलेल्या खोक्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण उरत नाही. तुमच्या कंपनीच्या यादीत बेअरिंगांच्या अकरा ओळी आहेत. त्या सगळ्या काढून अशा दुकानातून नव्याने भाव घ्या.

याखेरीज आणखी एक प्रकार आहे आणि जुन्या गाडीत मला तो सर्वांत मोलाचा वाटतो: गाडीतूनच निघालेला, तपासून दुरुस्त केलेला मूळ भाग. जिप्सी १९८५ मध्ये आली आणि सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री २०१९ च्या सुरुवातीपर्यंत थांबली. काही भाग आता कंपनीकडून सहज येत नाहीत, आणि त्यांच्या जागी मिळणारा नवा लोकल भाग हा तुमच्या हातातल्या जुन्या भागापेक्षा पुष्कळदा हलका असतो. स्टिअरिंगचे नकल (ॲक्सलच्या टोकाचा, चाकासह वळणारा भाग), हबचे ओतीव भाग, ट्रान्सफर केसचे (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचे) गिअर, मूळ फ्री-व्हील हब (पुढची चाके ॲक्सलपासून सुटी करणारे हब) हे दिसायला कितीही जुनाट असले तरी मोजून पाहिल्याशिवाय भंगारात देऊ नका. तुमच्या लोकल यादीत पुढचे दोन्ही फ्री-व्हील हब "नवीन" असे लिहिले आहे. मूळ हब धुऊन, आतला स्प्रिंग आणि गॅस्केट बदलून चालत असतील, तर तेच ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कोणता भाग कुठल्या दर्जाचा घ्यावा, हे ठरवण्याची माझी पद्धत सांगतो. भाग हातात घेऊन मी स्वतःला विचारतो की हा भाग करूळ घाटाच्या उतारावर, मुले मागे बसलेली असताना निकामी झाला तर काय होईल. नंतर विचारतो की तो निकामी होण्याआधी काही कल्पना देईल का, आवाज करेल, गळेल, हलेल, की एकदम सुटेल. आणि शेवटी हे पाहतो की तो पुन्हा बदलायचा झाला तर काय काय उघडावे लागेल. किंमत मी या तिन्हींनंतर वाचतो. हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या जीपचा क्लच बदलताना प्लेट आणि प्रेशर प्लेट चांगल्या घेतल्या, आणि रिलीज बेअरिंग मात्र शेजारच्या दुकानातले बिननावाचे घातले, कारण त्या दिवशी तेवढेच मिळत होते आणि गाडी संध्याकाळी हवी होती. दोन महिन्यांत ते बेअरिंग कर्कश ओरडू लागले आणि भर पावसात वरंध घाटाच्या पायथ्याशी क्लच सुटेनासा झाला. नवे बेअरिंग काहीशे रुपयांचेच होते, पण ते घालण्यासाठी पुन्हा पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागला. टोइंग, मजुरी आणि वाया गेलेले चार दिवस या सगळ्यांचा हिशेब त्या काहीशे रुपयांच्या नावावर मांडावा लागला.

तुमच्या यादीतला "ब्रेक, स्टिअरिंग, पुढचा ॲक्सल" हा गट कंपनीच्या भावाने ५२ हजारांचा आहे आणि लोकल भावाने २१ हजारांचा. या गटात तडजोड करू नये. इथले बरेचसे भाग आधी न सांगता निकामी होतात. टाय रॉडच्या एंडमधला गोळा खोबणीतून निसटला की चाक आपल्या मर्जीने वळते. ब्रेकचा रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून फुगून बंद होतो, त्यामुळे पाय उचलल्यावरही एका चाकाचा ब्रेक धरून राहतो आणि गाडी एकीकडे ओढते. मास्टर सिलिंडरला नुसते रबर किट घालण्याचा सल्ला तुम्हाला मिळाला आहे. सिलिंडरच्या आत बोट फिरवून किंवा प्रकाश टाकून पाहा. गंजाचे खड्डे दिसले, तर नवे रबर त्याच खड्ड्यांवर घासून लवकरच फाटेल, म्हणून अशा वेळी पूर्ण सिलिंडरच घ्यावा. डिस्कवर तिची किमान जाडी ठोकलेली असते, ती मोजून मगच डिस्क ठेवायची की बदलायची ते ठरवा. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे ब्रेकच्या धातूच्या नळ्या. गंजलेल्या नळीच्या जागी साधी तांब्याची नळी वाकवून, टोकाला एकेरी फ्लेअर (नळीचे टोक फुलवून केलेली कड) करून बसवण्याची पद्धत अनेक गॅरेजांत आहे. ब्रेकच्या दाबाखाली आणि कच्च्या वाटेच्या हादऱ्यांत तांबे थकते आणि चिरते. ब्रेकसाठी बनवलेली पोलादी नळी आणि दुहेरी फ्लेअर यांचाच आग्रह धरा. त्यासाठी फार खर्च येत नाही, फक्त योग्य हत्यार असलेला माणूस शोधावा लागतो.

स्टिअरिंगच्या थरथरीबद्दल तुम्ही लिहिले आहे की मिस्त्री नवा स्टिअरिंग डँपर (हादरे शोषणारा दांडा) घालणार आहेत. कृपया तेवढ्यावर थांबू नका. जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलवर प्रत्येक बाजूचे नकल वरच्या आणि खालच्या किंगपिन बेअरिंगवर फिरते. ती बेअरिंगे झिजली किंवा त्यांच्या खालच्या शिमचा (पातळ चकतीचा) ताण सैल झाला, की ठरावीक वेगाला चाके थरथरू लागतात. नवा डँपर ही थरथर काही महिने दाबून ठेवतो, आणि तेवढ्या काळात झीज पुढे जाते. गाडी उघडलेलीच आहे, तेव्हा चारही किंगपिन बेअरिंगे चांगल्या नावाची घाला, शिम लावून नकल फिरवायला किती जोर लागतो ते स्प्रिंगच्या काट्याने मोजून घ्या, आणि दोन्ही बाजूंना ते सारखे आहे ना, हे स्वतः उभे राहून पाहा. त्याच वेळी ॲक्सलच्या आतल्या बाजूची ऑइल सीलही बदला. ही सील गेली की डिफरन्शियलचे ऑइल नकलमध्ये शिरते, तिथल्या सांध्याचे ग्रीस पातळ करते आणि शेवटी सगळे चाकाजवळून ठिबकू लागते. सील स्वस्त असते, पण तिच्यापर्यंत पोहोचायला संपूर्ण हब आणि नकल उतरवावे लागते. म्हणून या जागी सर्वांत चांगली सील घालावी, असे मी म्हणतो.

जाता जाता ॲक्सलच्या ब्रीदरविषयी (हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या छिद्राविषयी) एक सूचना. ओढ्यात शिरताना गरम ॲक्सल एकदम थंड होतो, आतली हवा आक्रसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. काही दिवसांनी ऑइल दुधासारखे पांढरे दिसते आणि तोवर बेअरिंगांना गंज लागलेला असतो. दोन्ही ॲक्सलच्या ब्रीदरला लांब रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच बांधून घेतली, तर हे टळते. तुमच्या ९५ हजारांच्या यादीतल्या कोणत्याही वस्तूपेक्षा या नळीचा पावसाळ्यात अधिक उपयोग होईल.

क्लच, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या सील यांचा २४ हजारांचा गटही पूर्ण चांगल्या मालाचा असू द्या. कारण वर सांगितलेच आहे: हे भाग आत दडलेले आहेत. त्यात क्रँकची मागची ऑइल सील विसरू नका, ती मला दोन्ही याद्यांत दिसली नाही.

इंजिनाच्या गटात मात्र मी थोडा थांबून विचार करायला सांगेन. कंपनीच्या भावाने ६८ हजार, लोकल भावाने ३४ हजार. पण मुळात या कामाची किती गरज आहे, हे कोणी मोजले आहे का? पत्रात कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधल्या दाबाचा) आकडा नाही. "इंजिन उतरवलेच आहे तर बोअर करून टाकू" (म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करू) हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते, परंतु जी माती एकदा वाहून गेली ती परत येत नाही, तसे सिलिंडरचेही असते. प्रत्येक बोअरबरोबर पुढची एक संधी कमी होते. तुमच्या जवळच कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर आहे, आणि तिथे इंजिनाचे मोजमाप काटेकोर करून देणारे कुशल कारागीर आहेत. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजून घ्या, क्रँकचे जर्नलही (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मोजा आणि आकडे कागदावर लिहून मागा. झीज मर्यादेत असेल, तर होनिंग (सिलिंडर आतून हलके घासणे), नव्या रिंगा, नवी बेअरिंगे आणि व्हॉल्व्हचे काम एवढ्यावर भागेल. बोअर करावाच लागला, तर ओव्हरसाइझ पिस्टन आधी विकत घ्या आणि ते प्रत्यक्ष मोजून मगच सिलिंडर कापायला द्या. आधी बोअर आणि नंतर पिस्टनचा शोध, या उलट क्रमामुळे हवा तो पिस्टन मिळत नाही आणि मिळेल तो घालावा लागतो.

तुमच्या मॉडेलचे १२९८ सीसीचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन त्याच कुळातले आहे जे एस्टीम, व्हर्सा आणि सुरुवातीच्या पेट्रोल स्विफ्टमध्ये होते. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, गॅस्केट यांसारख्या आतल्या भागांसाठी चांगल्या नावाच्या मालाची निवड अजून करता येते. क्रमांक मात्र जुळवून पाहा, सगळे भाग एकसारखे नाहीत. या इंजिनाचे हेड आणि ब्लॉक दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत आणि ते फार तापणे सहन करत नाहीत, म्हणून वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज आणि हेड गॅस्केट या चार गोष्टींत बचत करू नये. गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची सवय अनेक मिस्त्रींना आहे. तसे केले तर इंजिन पुरेसे गरम होत नाही, संगणक त्याला थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो, आणि तापण्याचे मूळ कारण तसेच राहते. टायमिंग बेल्ट तुटला की इंजिन जागच्या जागी बंद पडते, तेव्हा बेल्ट आणि त्याचा टेन्शनर दोन्ही अस्सल हवेत. रेडिएटर मात्र नवा घेण्याआधी दाब देऊन तपासा. नळ्या साफ करून तो टिकत असेल, तर तिथे पैसे वाचतील. या सगळ्यानंतर इंजिनाचा खर्च साधारण ५० हजारांत बसावा.

सस्पेन्शनमध्ये महाग तेच चांगले, हा समज थोडा बाजूला ठेवा. तुमच्या कंपनीच्या यादीत मित्राच्या सांगण्यावरून पॉलियुरेथेनचे बुश आले आहेत. ते टिकतात खरे, परंतु ते कडक असतात, आणि शेतावर जाणाऱ्या, मुले बसणाऱ्या गाडीत साधे रबरी बुश अधिक आराम देतात आणि पाट्यांना (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांना) मोकळेपणाने पीळ घेऊ देतात. तुटलेले किंवा चिरलेले पाटे तेवढे बदला. बसलेल्या पाट्यांना नुसती ठोकून कमान दिली, तर ती काही महिन्यांत पुन्हा उतरते, हे धरून चाला. यू-बोल्ट मात्र जुने परत वापरू नका, कारण ते एकदा ताणले गेलेले असतात. नवे नट-बोल्ट घेताना नटवरची ८ किंवा १० आणि बोल्टच्या डोक्यावरची ८.८ किंवा १०.९ अशी खूण पाहा. खूण नसलेला बोल्ट सस्पेन्शन, सीटबेल्ट किंवा स्टिअरिंगला लागणार नाही, अशी गॅरेजमध्ये ताकीदच द्या. शॉक ॲब्सॉर्बर गळून आधी सूचना देतो आणि तासाभरात बदलता येतो, त्यामुळे तिथे मध्यम भावाचा माल चालेल. हा गट २८ हजारांत होईल.

विजेच्या कामासाठी १८ हजार पुरतील, कारण पूर्ण नवे हार्नेस घेण्यापेक्षा जळालेल्या आणि वारंवार जोडलेल्या तारा तेवढ्या काढून योग्य जाडीची तार आणि योग्य फ्यूज घालणे पुरे आहे. स्वस्त तार आत बारीक निघते आणि तापते, एवढे तपासा. सेल्फ आणि अल्टरनेटर मूळचे असतील तर दुरुस्त करून ठेवा.

आणि आता जिथे मिस्त्रींचे पूर्ण ऐकावे अशी जागा: हूड, दारांचे बीडिंग, मॅट, आरसे, सीटची कव्हरे, मडफ्लॅप, सायलेन्सरचा मागचा डबा, फेंडरचा पत्रा. कंपनीच्या यादीत यावर ५० हजार लावले आहेत. लोकलचे १४ हजार पुरेत. हूड गळला तर अंग भिजेल आणि पुढच्या वर्षी दुसरा शिवून घेता येईल. फक्त वाचलेल्या पैशांतला काही भाग चॅसीच्या आतल्या गंजावर खर्च करा. चॅसीच्या बंद पोकळीत गंजरोधक मेण फवारल्याशिवाय बाहेरचा काळा रंग पावसाळा-दोन पावसाळेच टिकतो.

एक गोष्ट मला दोन्ही याद्यांत सापडली नाही, ती म्हणजे सीटबेल्ट. वीस वर्षांच्या उन्हापावसात बेल्टच्या पट्टीचे धागे कमजोर होतात. पुढचे दोन्ही बेल्ट अस्सल आणि नवे घ्या. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर लहान मुलांना घाटातून नेऊ नये, असे मला मनापासून वाटते, आणि यावर काय करता येईल ते परिवहन कार्यालयात विचारून, कागदोपत्री मंजुरी घेऊनच करा.

वरची बेरीज १ लाख ८६ हजार होते, म्हणजे तुमच्याकडच्या रकमेपेक्षा ११ हजार जास्त. इथे मला तुमच्या ९५ हजारांविषयी बोलले पाहिजे, आणि ते रागावून नव्हे तर आपलेपणाने बोलतो. पत्रात तुम्ही पैसे कमी पडतात असे लिहिले आहे. परंतु १ लाख ७५ हजार आणि हे ९५ हजार मिळून २ लाख ७० हजार होतात, आणि कंपनीची संपूर्ण यादीसुद्धा २ लाख ६५ हजारांचीच आहे. ब्रेकच्या सिलिंडरला लोकल रबर आणि पुढे लोखंडी बंपर, अशी मांडणी कागदावर आली आहे, ती बहुधा तुमच्या लक्षात आली नसेल. गाडी उभारताना डोळ्यांसमोर तिचे रूप असते, आणि ते रूप प्रत्येकाला हवेसे वाटते. मलाही वाटले होते.

टायर घ्यायलाच हवेत, कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोत टायरच्या भिंतीवर ३२१४ हा आकडा दिसतो. तो २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा सांगतो. एवढे जुने टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलावेत. पण मूळच्या २०५/७० आर १५ याच मापाचा, चांगल्या नक्षीचा टायर घ्या. मित्राने सुचवलेला २३५/७५ आर १५ हा टायर मूळ टायरपेक्षा व्यासाने सुमारे ६५ मिलिमीटर मोठा आहे. गाडी त्यामुळे जेमतेम ३२ मिलिमीटर उचलली जाईल, परंतु ब्रेक, किंगपिन, ॲक्सलचे सांधे आणि क्लच या प्रत्येकावरचा भार वाढेल, चढावर ओढ सुमारे दहावा हिस्सा कमी होईल आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवेल. एक टनाच्या आसपास वजनाची ही गाडी मूळ मापावर काय काय चढते, ते एकदा नीट बांधून पाहा. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे निर्बंध आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अधिक स्पष्ट केले आहेत. पंधरा वर्षे उलटलेल्या तुमच्या गाडीला दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी तपासणीला उभे राहायचे आहे, त्या वेळी उचललेली गाडी आणि पुढचा लोखंडी बंपर अडचणीचे ठरतील. विंचही आत्ता नको. एक मजबूत ओढदोर, दोन शॅकल आणि चॅसीला नीट बसवलेले मूळ ओढकडे यांवर तुमच्या भटकंतीतले बहुतेक प्रसंग निभावतील.

माल घेताना फसगत होऊ नये म्हणून काही सवयी लावून घ्या. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कोल्हापुरातल्या दुकानात, कुठेही जा, जुना भाग सोबत न्या आणि नव्याशी वजन, जाडी, आट्यांची सफाई हातात घेऊन ताडून पाहा. खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, पॅकिंगचा महिना-वर्ष आणि किंमत छापलेली असते. छपाई पुसट असेल, क्रमांक खोक्यावर एक आणि भागावर दुसरा असेल, तर परत करा. पक्के बिल घ्या, कारण बनावट माल विकणारा सहसा बिल देत नाही. "जुना स्टॉक, अस्सल आहे" असे सांगून दिलेल्या रबरी वस्तूंबाबत विशेष सावध राहा. दहा वर्षे कपाटात पडलेली अस्सल सील किंवा होज कडक झालेला असतो, आणि त्यापेक्षा या वर्षी बनलेला चांगल्या दुसऱ्या नावाचा भाग बरा. धातूच्या भागाला ही अडचण नाही, गंज नसेल तर जुना स्टॉक आनंदाने घ्या.

राहिला प्रश्न मिस्त्रींचा. वडिलांच्या काळापासूनच्या माणसाला "तुमचा माल नको" असे कसे सांगावे, ही तुमची अडचण मी पत्राच्या ओळींमधून वाचली. लोकल माल सुचवण्यामागे त्यांची वाईट भावना असेल असे मला वाटत नाही. तो त्याच दिवशी मिळतो, काम अडत नाही, आणि मालावर त्यांना थोडे सुटते, ज्यावर मजुरीचा कमी दर भरून निघतो. म्हणून त्यांच्याशी बोलताना आधी मजुरी वाढवून द्या आणि मग सांगा, "काका, भाग मी आणून देतो, बसवायचे तुम्ही, आणि एखादा भाग यायला आठवडा लागला तर गाडी तेवढे दिवस जागा अडवेल, त्याचेही मी बघतो." पत्रा, हूड, सीट यांचा सगळा माल त्यांच्याच पसंतीने येऊ द्या. काढलेला प्रत्येक भाग वेगळ्या खोक्यात, चिठ्ठी लावून ठेवायला सांगा आणि गाडी चालू होऊन एक पावसाळा उलटेपर्यंत त्यातले काहीही विकू नका.

कामाचा क्रम असा ठेवा की ब्रेक, स्टिअरिंग आणि ॲक्सल प्रथम पूर्ण होतील आणि पैसे संपलेच, तर ते हूड आणि रंगाच्या वेळी संपतील. गाडी रस्त्यावर आल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि पुन्हा पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट, चाकांचे नट आणि नकलचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळून घ्या, कारण नवे पाटे आणि बुश बसल्यावर ते हमखास थोडे सैल होतात. पहिला पावसाळा संपला की दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल एका पांढऱ्या भांड्यात थोडेसे काढून त्याचा रंग पाहा, आणि मला कळवा.